ऑरेंज बिटर्स घरी कसे वापरावेत: डॅश मोजण्यापासून पेला भरेपर्यंत

ऑरेंज बिटर्सची, म्हणजे कॉकटेलमध्ये थेंबांनी घालायच्या संत्र्याच्या सालीच्या कडू अर्काची बाटली हौसेने घरी येते. दोन-चार वेळा अंदाजाने शिंपडली जाते. मग "काहीच फरक पडत नाही" किंवा "सगळं कडू होतं" असं म्हणून ती कपाटात मागे सरकते. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: पेल्यात नेमके किती बिटर्स पडले हे कुणी मोजलेलंच नसतं. जिन, व्हिस्की मापाने ओततो आणि ज्याचा एक मिलीलिटरही जास्त होतो ते मात्र हाताच्या झटक्यावर सोडतो.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले तीन एकदाच करायचे आहेत, पण ते वगळले तर पुढच्या कृतींना अर्थ उरत नाही.

## टप्पा १: बाटलीत नेमकं काय आहे ते बघा

संत्र्याचं चित्र असलेली प्रत्येक बाटली ऑरेंज बिटर्सची नसते. घोळ होतो तो या चार गोष्टींत:

- ऑरेंज बिटर्स: संत्र्याची साल, कडू मुळ्या आणि मसाले दारूत मुरवून केलेला तीव्र अर्क. छोटी बाटली, थेंबांनी किंवा डॅशने (बाटली उलटी करून दिलेल्या एका झटक्यात पडतं तेवढ्याने) वापर.
- ट्रिपल सेक, क्युरासाओ, क्वांत्रो: गोड लिक्युअर. हे मापाने, १५-२० मिली असं घालतात.
- कांपारी, अपेरोल: कडवट आहेत, पण पिण्याचे. डॅशने घातले तर पत्ता लागत नाही.
- केकसाठीचं ऑरेंज इसेन्स: वास संत्र्याचा, कडूपणा शून्य. याचा इथे उपयोग नाही.

अँगोस्टुराच्या नावातही लोक फसतात. नुसतं 'अँगोस्टुरा' म्हटलं की लवंग-दालचिनीच्या वळणाचे, लालसर तपकिरी अ‍ॅरोमॅटिक बिटर्स. त्याच कंपनीचे ऑरेंज बिटर्स वेगळे. एकाच्या जागी दुसरे घातले तर पेय बिघडेलच असं नाही, पण ते वेगळं पेय होईल.

आता लेबलवरचं अल्कोहोलचं प्रमाण वाचा. अँगोस्टुरा ऑरेंज २८ टक्के, रीगन्स ४५ टक्के. चवही निराळी: अँगोस्टुराचे स्वच्छ संत्र्याच्या सालीचे, रीगन्समध्ये वेलची ठळक, फी ब्रदर्सचे गोडसर आणि मऊ. पहिलीच बाटली घ्यायची असेल तर माझं मत वेलचीवाल्या कोरड्या बिटर्सना. जिन आणि व्हिस्की दोन्हींत ते टिकून राहतात आणि आपल्या जिभेला ओळखीचेही वाटतात. गोडसर बिटर्स मार्टिनीत पचपचीत लागतात.

थांबा: बिटर्समध्ये दारू असते. 'सोड्यात चार थेंबच तर टाकलेत' म्हणून दारू न पिणाऱ्या पाहुण्याला न सांगता देऊ नका. याचा हिशोब टप्पा ७ मध्ये आहे.

## टप्पा २: नुसती चव घ्या

दोन थेंब मनगटावर टाकून हुंगा, मग चाटा. कडू लागेल, लागायलाच हवं. नंतर १०० मिली साध्या थंड सोड्यात दोन डॅश टाकून घोट घ्या. आधी नाकाला काय आलं, घोट गिळल्यावर जिभेच्या मागे काय उरलं, हे लक्षात ठेवा. बिटर्सचं काम या दोन ठिकाणी असतं. घोटाच्या मधोमध ते दिसू नयेत. फोडणीतल्या हिंगासारखं आहे हे: असल्याचं कळू नये, नसल्याचं मात्र कळावं.

सोडा पांढुरका, धुरकट झाला तर घाबरू नका. सालीतलं तेल दारूत विरघळतं, पाण्यात नाही. पाणी वाढलं की ते बारीक कणांत सुटतं आणि पेय गढूळ दिसतं. बाटली खराब झाल्याचं ते लक्षण नाही.

## टप्पा ३: तुमच्या बाटलीचा डॅश मोजा

सगळ्यांत जास्त वगळली जाणारी पायरी हीच.

'डॅश' हे पक्कं माप नाही. पाककृतींत तो साधारण ०.८ ते ०.९ मिली धरतात. प्रत्यक्षात बाटलीचं तोंड, बाटली किती भरलेली आहे आणि तुमचा झटका यावर तो बदलतो. काही सजावटी डॅशर बाटल्यांतून तर याच्या निम्माच पडतो. म्हणजे 'दोन डॅश' वाचून एकाने ०.८ मिली घातलेलं असतं आणि दुसऱ्याने दोन.

१. केमिस्टकडून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज आणा. सिरपच्या बाटलीबरोबर येणारं खुणांचं छोटं झाकणही चालेल.
२. बाटली पूर्ण उलटी करा आणि मनगटाने खाली एकच ठाम झटका द्या. तिरपी धरून टपटप सांडू देऊ नका; त्याला डॅश म्हणत नाहीत.
३. असे पाच डॅश एका कोरड्या वाटीत घ्या, सिरिंजमध्ये ओढा आणि पाचाने भागा.
४. आलेला आकडा चिकटपट्टीवर लिहून बाटलीला लावा.
५. सिरिंजमधले बिटर्स परत बाटलीत. महाग वस्तू आहे.

बाटलीला ड्रॉपर असेल तर सिरिंजमध्ये १ मिली घ्या, ते ड्रॉपरने थेंब मोजत सोडा. 'वीस थेंब म्हणजे एक मिली' हे पाण्याचं गणित इथे लागू पडत नाही. दारूचा पृष्ठताण कमी, म्हणून थेंब लहान. एका मिलीत तीस किंवा त्याहूनही जास्त थेंब बसतात.

यापुढे 'एक डॅश' म्हणजे ०.८ मिली. तुमचा डॅश ०.४ चा असेल तर दुप्पट घाला.

तपासा: बाटली निम्मी झाली की पुन्हा मोजा. आकडा बदललेला असतो.

## टप्पा ४: बर्फ, साल आणि भांडी

कॉकटेल शेकर नसला तरी अडत नाही. उंच स्टीलचा पेला, लांब दांड्याचा चमचा, चहाची गाळणी आणि ३०/६० मिलीचं पेग-माप एवढं पुरतं. मापाशिवाय मात्र करू नका; 'पटियाला' हे माप नव्हे.

बर्फ ताजा हवा. ज्या फ्रीझरमध्ये सुरमई किंवा आल्या-लसणाचं वाटण ठेवलंय, तिथला आठवड्याचा उघडा बर्फ घातला तर बिटर्सचा नाजूक वास कुठल्या कुठे जाईल. झाकणाच्या ट्रेमध्ये आदल्या रात्री वेगळा बर्फ लावा. ट्रेमधून काढल्यावर खडे ओले होऊन चकाकायला लागायच्या आत वापरा. ओला बर्फ पेय थंड करण्याआधीच पातळ करतो.

सालीबद्दल जरा तपशिलात सांगायला हवं, कारण इथे नागपुरी संत्रं आपल्याला दगा देतं. खायला ते उत्तमच, पण ते मँडरिन वर्गातलं. साल पातळ, सैल, गरापासून सुटलेली. पीलरने पट्टी काढायला जावं तर तुकडे होतात, आणि पिळायला जावं तर साल मोडते. पेल्यावर पिळण्यासाठी घट्ट सालीचं संत्रं घ्या: माल्टा किंवा बाजारात 'इम्पोर्टेड' म्हणून मिळतं ते. मोसंबीही चालते, तिचा वास सौम्य असतो इतकंच. आयात फळावर मेणाचा थर असतो, तो कोमट पाण्यात घासून काढा. पट्टी दोन बोटं रुंद, अंगठ्याएवढी लांब. आतला पांढरा भाग जितका कमी तितका बरा; तो जाड राहिला तर पट्टी नीट पिळली जात नाही.

व्हर्मूथ वापरणार असाल तर बाटली कधी फोडली ते आठवा. व्हर्मूथ ही वाइन आहे. उघडल्यावर फ्रिजमध्ये, आणि महिना-दोन महिन्यांत संपवायची. बारच्या कपाटात वर्षभर उघडी पडलेली व्हर्मूथ घालून लोक दोष बिटर्सना देतात.

## टप्पा ५: पहिलं पेय, दोन पेल्यांत

सुरुवात मार्टिनीने करा. तीत लपायला जागा नाही: साखर नाही, रस नाही, त्यामुळे बिटर्सने काय केलं ते लगेच कळतं. एकच पेय दोनदा करा, एकदा बिटर्ससह, एकदा बिटर्सशिवाय. दारू वाया नको असेल तर निम्म्या मापाने करून दोघांत वाटून घ्या.

पूर्ण माप: जिन ६० मिली, ड्राय व्हर्मूथ २० मिली, ऑरेंज बिटर्स १ डॅश.

१. पिण्याचे पेले फ्रीझरमध्ये ठेवा. दहा मिनिटं तरी.
२. रिकाम्या स्टीलच्या पेल्यात आधी बिटर्स. हात चुकला तर पेला विसळून पुन्हा सुरू करता येतं. साठ मिली जिनवर भलतेच जास्त डॅश सांडले की सगळंच ओतून द्यावं लागतं.
३. मग व्हर्मूथ, मग जिन. स्वस्तापासून महागाकडे हा क्रम सगळ्या कॉकटेल्सना पाळा.
४. बर्फ सगळ्यांत शेवटी, पेला दोन तृतीयांश भरेल इतका.
५. २० ते ३० सेकंद ढवळा. चमचा कडेने फिरू द्या, बर्फ फोडू नका. घरचे खडे लहान असतात, म्हणून वीस सेकंदांनी चव घ्या. 'पेल्याला बाहेरून बाष्प आलं की झालं' ही खूण मुंबई-कोकणच्या दमट हवेत फसवी, तिथे ते दहा सेकंदांतच येतं.
६. गाळून थंड पेल्यात ओता.
७. साल पेल्याच्या वर धरा, रंगीत बाजू खाली, आणि एकदाच पिळा. तेलाचे बारीक थेंब पृष्ठभागावर दिसले पाहिजेत. पहिली तुलना मात्र साल न पिळता करा, नाहीतर साल काय करतेय आणि बिटर्स काय, हे कळणार नाही.

बिटर्सविना पेल्यात जिन आणि व्हर्मूथ वेगवेगळ्या लागतील. बिटर्सच्या पेल्यात त्या जोडल्या जातात आणि शेवट कोरडा होतो. तसं जाणवलं नाही तर दुसऱ्या वेळी दोन डॅश करा. तीनच्या वर जाऊ नका. तेव्हा व्हर्मूथ ताजी आहे का ते बघा.

## टप्पा ६: बाकीच्या कॉकटेल्स

### व्हिस्की: ओल्ड फॅशन्ड

व्हिस्की ६० मिली, साखरेचं पाणी ७ मिली, अ‍ॅरोमॅटिक बिटर्स १ डॅश, ऑरेंज बिटर्स १ डॅश. नुसते ऑरेंज बिटर्स घातले तर पेय वरवर सुगंधी, आतून पोकळ लागतं. जोडी हवीच.

दाणेदार साखर वापरू नका. थंड व्हिस्कीत ती विरघळत नाही, तळाशी बसते. पहिला घोट कडू आणि शेवटचा गोडमिट्ट. साखर आणि पाणी समान मापाने घेऊन, साखर विरघळेपर्यंतच गरम करून गार करा. पाक करायचा नाही, तार तर अजिबात नको.

### व्हिस्की आणि कॉफी: रिव्हॉल्व्हर

बोर्बन ६० मिली, कॉफी लिक्युअर १५ मिली, ऑरेंज बिटर्स २ डॅश. ढवळून गाळा, वर साल पिळा. बिटर्स नसतील तर हे पेय नुसती गोड कॉफी वाटतं. पाहुण्यांना बिटर्स म्हणजे काय हे दाखवायचं असेल तर मी हेच करतो.

### लिंबू असलेली पेयं

लिंबाचा आंबटपणा बिटर्स खाऊन टाकतो. शिवाय जोरात हलवल्यावर बर्फाचं पाणीही जास्त होतं. म्हणून नेहमीपेक्षा एखादा डॅश जास्त लागतो. पेगू क्लब करून बघा. रंगूनच्या क्लबाचं नाव लागलेलं पेय आहे. जिन ६० मिली, ऑरेंज क्युरासाओ २० मिली, लिंबाचा रस १५ मिली, ऑरेंज आणि अ‍ॅरोमॅटिक बिटर्स एकेक डॅश. आपलं कागदी लिंबू त्याला अगदी योग्य. रस पेय करतानाच काढा, दुपारी काढून ठेवलेला नको.

रस असला की हलवा, नसला की ढवळा. स्वच्छ दारूचं पेय हलवलं तर हवेचे बुडबुडे आणि बर्फाचा चुरा होऊन ते पाणचट होतं.

### उंच पेल्यातली पेयं

जिन-टॉनिकमध्ये हात आखडता घ्या. टॉनिकमध्ये क्विनाइनचा कडूपणा आधीच असतो, एक डॅश पुरे. व्हिस्की-सोड्याला दोन. रम-कोलाला दोन डॅश आणि लिंबाची फोड. गोडवा आटोक्यात येतो.

आधी बिटर्स घालून वर सोडा ओतला तर चव सगळीकडे सारखी. शेवटी वरून शिंपडले तर पहिल्या घोटाला वास भरपूर, पुढे कमी. दोन्ही बरोबर आहे, पण एकाच पेल्यात दोन्ही करू नका.

गोव्याची काजू फेणी इथे छान जमते. तिचा वास आडदांड, त्यापुढे एक डॅश दिसतच नाही. फेणी ४५ मिली, लिंबाचा रस १० मिली, चिमूटभर मीठ, तीन डॅश, वर सोडा. लिंबूपाणी-छाप गोड कोल्ड्रिंक घालणार असाल तर लिंबू वगळा. उर्राक (काजूच्या रसाची एकदाच गाळलेली दारू) मात्र हलकी. तिला एकच डॅश, नाहीतर काजूच्या बोंडाचा वास मरतो.

## टप्पा ७: दारूविना पेयं, आणि त्यातला हिशोब

२०० मिली सोड्यात चार डॅश म्हणजे सुमारे ३.२ मिली. बिटर्स ४५ टक्क्यांचे असतील तर पेयात साधारण ०.७ टक्का अल्कोहोल. २८ टक्क्यांचे असतील तर ०.४५. भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांत ०.५ टक्क्याच्या वर अल्कोहोल असलेलं पेय मद्य ठरतं. म्हणून ४५ टक्क्यांचे बिटर्स असतील तर दोन डॅशवर थांबा. मुलं, गरोदर बाई, दारू सोडलेली माणसं, दारू वर्ज्य असलेली औषधं घेणारे आणि धर्माने दारू न घेणारे यांना दोन डॅशसुद्धा नको. तिथे आकड्याचा प्रश्नच नाही.

- कोकम सोडा: बिनसाखरेचं आगळ १५ मिली, साखरेचं पाणी २० मिली, मीठ, २ डॅश, सोडा. जिरेपूड घालू नका, ती बिटर्सवर मात करते.
- पन्हं: यात वेलची असतेच, म्हणून वेलचीवाले बिटर्स सहज मिसळतात. पेल्याला एक डॅश. केशर घातलं असेल तर बिटर्स नकोत.
- काळी कॉफी आणि टॉनिक: बर्फ, टॉनिक १२० मिली, वर गार कॉफी ४० मिली, १ डॅश.

गरम पेयात बिटर्स घालायचे तर गॅस बंद केल्यावर, कपात. उकळीत टाकलेल्या बिटर्सचा वास वाफेबरोबर जातो आणि कडूपणा तेवढा मागे राहतो.

## टप्पा ८: मंडळी जास्त असतील तेव्हा

आठ जणांसाठी एक जग भरून मार्टिनी करताना 'आठ पेल्यांना आठ डॅश' असं सरळ गुणू नका. निम्म्यापासून सुरू करा, कारण जास्त झालेले परत काढता येत नाहीत.

जिन ४८० मिली, व्हर्मूथ १६० मिली, पिण्याचं पाणी १३० मिली, बिटर्स सिरिंजने ३ मिली. पाणी विसरू नका: एकेक पेला ढवळताना बर्फ जे पाणी देतो, तेच आपण इथे आधी घालतोय. बाटलीत भरून तीन-चार तास फ्रिजमध्ये. गार झाल्यावरच चव घ्या, मग लागेल तसे अर्धा-अर्धा मिली वाढवा. गरम असताना सगळंच जास्त सुगंधी लागतं. फ्रीझरमध्ये ठेवलंत तर रात्रभर विसरू नका, बर्फाचा चुरा होऊ शकतो.

आणि हो, महाराष्ट्रात दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परवानाही. पाहुण्यांची यादी त्या हिशोबाने करा.

## दुकानात मिळालेच नाहीत तर

घरी करता येतात, पण आधी विकतचे चाखलेले असावेत, नाहीतर कुठे थांबायचं ते कळत नाही. आणि दारू पिण्याचीच हवी: ४२.८ टक्क्यांची साधी व्होडका. केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट किंवा रंगाच्या दुकानातलं स्पिरिट विषारी असतं. ते वासालाही वापरू नका.

पिळायला निकामी ठरलेलं नागपुरी संत्रं इथे कामाला येतं. सालीचा पांढरा भाग खरवडून साल सावलीत कडक वाळवा. मग दोन वेगळ्या काचेच्या बरण्या लावा:

१. पहिलीत व्होडका २०० मिली, वाळलेली साल २० ग्रॅम, ठेचलेले धणे १ चमचा, वेलदोडे ४. दहा ते चौदा दिवस, रोज एकदा हलवून.
२. दुसरीत व्होडका ५० मिली आणि काडेचिराईत २ ग्रॅम. परदेशी बिटर्समध्ये जेन्शियनचं मूळ असतं; चिराईत त्याच कुळातलं आणि काष्ठौषधींच्या दुकानात सहज मिळतं. दुसऱ्या दिवसापासून रोज चाखा, जीभ आक्रसली की गाळा.

दोन्ही कॉफी फिल्टरमधून गाळा. सालीच्या अर्कात चिराइताचा अर्क एकेक मिली घालत, दर वेळी सोड्यात दोन डॅश टाकून चाखत जा. सगळं एकाच बरणीत टाकणं ही नेहमीची चूक. चिराईत दोन-तीन दिवसांत भरपूर कडू होतं, सालीला दोन आठवडे लागतात. मग संत्र्याची वाट बघता बघता काढा तयार होतो. गरोदर स्त्रियांनी आणि मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी चिराईत असलेले बिटर्स टाळावेत.

## बिघडलं तर

फार कडू झालं: साखर ओतू नका. मीठ कडूपणा दाबतं. ८० मिली पाण्यात २० ग्रॅम मीठ विरघळवून ठेवा, त्याचे दोन-तीन थेंब घाला. तरी कडूच असेल तर बाकीचे घटक दुप्पट करा, बिटर्स नाही.

बिटर्स जाणवतच नाहीत: आधी बर्फ आणि ढवळण्याची वेळ बघा, मग डॅशचं माप. पेय पाणचट असेल तर बिटर्स वाढवून उपयोग नाही.

अत्तरासारखं लागतंय: साल आणि बिटर्स दोन्ही जास्त झालेत. पुढच्या वेळी साल कमी करा, बिटर्स तेच ठेवा.

डॅश पडतच नाही: झाकणाखालच्या प्लास्टिकच्या भोकात सुकलेला चिकटा बसलेला असतो. ओल्या गरम फडक्याने पुसा. सुईने टोकरू नका, भोक मोठं झालं की मोजलेला डॅश गेलाच. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. झाकण घट्ट, ऊन आणि गॅसच्या शेगडीपासून लांब, एवढं पाळलं तर ती वर्षानुवर्षं टिकते.